वेल्ड पुन्हा त्याच जागी तुटतंय? जुन्या एमजीबीची ताकद कुठून गेली ते आधी शोधा

उघड्या टपाच्या जुन्या स्पोर्ट्‌स गाड्यांची दुखणी ठरलेली असतात. खराब रस्त्यावर डॅशबोर्ड थरथरतो. पुढच्या काचेची चौकट बॉनेटला सोडून वेगळीच हलताना दिसते. जॅक लावला की दार उघडत नाही, आणि उघडलंच तर पुन्हा लागत नाही. दाराच्या वरच्या कडेला, पुढच्या तिकोनी काचेच्या मागच्या कोपऱ्यापासून, रंगात केसाएवढी चीर निघते. डेंटर ती चीर वेल्ड करतो, लांबी (पुट्टी) भरतो, रंग मारतो. गाडी दिसायला नवी होते. पुढचा पावसाळा सरेपर्यंत चीर परत त्याच जागी, नाहीतर बोटभर पलीकडे.

यावर सहसा सुचवला जाणारा उपाय म्हणजे "चासी कडक करून घ्या." मग दाराखाली पाच एमएमची प्लेट येते, फरशीखाली अँगल येतो, इंजिनवर चकचकीत आडवी दांडी, म्हणजे स्ट्रट बार येतो. वजन वाढतं, खर्च वाढतो, आणि वर्षभरात तुटण्याची जागा बदलते. माझं म्हणणं असं की अशा गाडीत तुटलेली जागा हे फक्त लक्षण असतं. ताकद दुसरीकडून गेलेली असते. ती जिथून गेली तिथे मूळच्यासारखी परत आणली, तर वेगळं मजबुतीकरण बहुतेक वेळा लागतच नाही.

उदाहरणासाठी माझ्या मावसभावाची सांगलीतली १९७२ ची एमजीबी रोडस्टर (एमजी या ब्रिटिश कंपनीची उघड्या टपाची दोन सीटची गाडी) घेतो, कारण ती पूर्ण उघडून पाहिलेली आहे. पण यातलं बरंचसं त्या काळच्या कुठल्याही उघड्या मोनोकॉक (वेगळी चासी नसलेल्या) गाडीला लागू पडेल.

एमजीबी १९६२ साली आली आणि १९८० पर्यंत इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनत राहिली. तिच्या आधीच्या एमजीए गाडीला वेगळी चासी होती आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असायची. एमजीबीत ते संपलं. पत्र्याची बॉडी हीच चासी. आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींना हिचं इंजिन परकं वाटत नाही, कारण ते बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सिरीजचं आहे. अँबेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन त्याच घराण्यातलं, एमजीबीचं १७९८ सीसीचं. त्यामुळे इंजिन सांगलीत, मिरजेत कुठेही मार्गी लागतं. अडतं ते बॉडीपाशी. अँबेसेडरही मोनोकॉकच होती, पण तिच्या डोक्यावर छप्पर होतं. छप्पर, खांब आणि फरशी मिळून एक बंद पेटी तयार होते आणि गाडीला पीळ बसू देत नाही. रोडस्टरला छप्परच नाही. तिचा सगळा भार दाराखालच्या दोन सिल आणि मधला गिअरबॉक्सचा टनेल यांच्यावर येतो. दारं फक्त अडकवलेली असतात, ती भार घेत नाहीत.

सिल म्हणजे पुढच्या चाकामागून मागच्या चाकापर्यंत दाराखालून जाणारी पत्र्याची पेटी. बाहेरून एकच पत्रा दिसतो, पण आत चार गोष्टी असतात: बाहेरची सिल, आतली सिल, त्या दोघींच्या मधोमध उभा असलेला पडद्यासारखा पत्रा, आणि खाली फरशीच्या कडेला किल्ल्याच्या तटासारख्या खाचांची पट्टी. चौघं मिळून बंद पेटी होते, आणि ती पेटी बंद असणं हीच खरी ताकद.

एक हिशोब करून बघा. १०० मिमी बाजूची चौकोनी नळी, पत्रा १.२ मिमी. तिला पीळ देताना जो ताठपणा मिळतो, तो नळी एका कोपऱ्यावर लांबीभर चिरली की सुमारे पाच हजार पटींनी कमी होतो. पत्रा तेवढाच, वजन तेवढंच, फक्त शिवण उसवली. गाडीत सिल दोन्ही टोकांना आणि फरशीला बांधलेली असते म्हणून एवढा टोकाचा फरक पडत नाही, पण परिणामाची दिशा हीच. म्हणून सिलच्या खालच्या कडेचा जोड गंजून सुटला, की बाहेरचा पत्रा कितीही गुळगुळीत दिसो, गाडी ढिली झालेलीच असते. आणि उघड्या पडलेल्या पेटीवर बाहेरून पाच एमएमची प्लेट चिकटवली तर वाकण्याला थोडा आधार मिळतो, पिळाला जवळजवळ काहीच नाही.

आधी थरथर कुठली ते ओळखा

वेगावर अवलंबून असलेली थरथर आणि रस्त्यावर अवलंबून असलेली थरथर यांत गल्लत करू नका. गुळगुळीत रस्त्यावर ठराविक वेगाला स्टिअरिंग हलायला लागतं आणि वेग वाढवला किंवा कमी केला की थांबतं, तर तो दोष चाकाचा. एमजीबीला तारांची चाकं असतील तर आऱ्या ढिल्या झालेल्या असतात, हबवरचे दाते झिजलेले असतात, बॅलन्सिंग नीट झालेलं नसतं. त्यासाठी बॉडी कापण्याचं काहीच कारण नाही. उलट, वीस-पंचवीसच्या वेगातही एका बाजूचं चाक खड्ड्यातून गेलं की काचेची चौकट हलते, दार कुरकुरतं, तर ती बॉडी आहे. आपल्याकडे ही परीक्षा घ्यायला लांब जावं लागत नाही. सांगली-मिरज रस्त्यावरचा कुठलाही गतिरोधक तिरका ओलांडा, म्हणजे एक चाक आधी चढेल आणि दुसरं नंतर. त्या क्षणी बॉडीला पीळ बसतो आणि दाराची फट सगळं सांगून जाते.

आणखी एक जागा सगळ्यांच्या नजरेतून सुटते. एमजीबीचं पुढचं सगळं सस्पेन्शन एका सुट्या आडव्या क्रॉसमेंबरवर असतं आणि तो बॉडीला चार बोल्टांनी, मध्ये रबर घालून कसलेला असतो. पन्नास वर्षांनी ते रबर एकतर दगड झालेलं असतं किंवा चुरा. रबर गेलं की पुढचा भाग बॉडीशी ठोके खात राहतो आणि नेमकी चासी ढिली झाल्यासारखी भावना येते. काम स्वस्त आहे, एका दिवसात होतं. ग्राइंडर हातात घेण्याआधी ते करून घ्या.

दाराच्या फटीचं मोजमाप

यासाठी महागडं काही लागत नाही. गाडी सपाट फरशीवर उभी करा, टायरमध्ये हवा समान ठेवा, आत कोणी बसू नका. दार आणि मागचा खांब यांच्यातली फट वर आणि खाली मोजा, दार आणि पुढचा खांब यांच्यातलीही. दोन्ही बाजूंनी मिळून आठ आकडे होतील. ते कागदावर लिहा, आणि ड्रिल बिटांच्या दांड्यांनी मोजा, फूटपट्टीने अर्धा मिमीसुद्धा नीट दिसत नाही.

वरची फट अरुंद आणि खालची रुंद असेल, तर गाडी मधून बसली आहे. पुढचा आणि मागचा अर्धा भाग वरून एकमेकांकडे झुकलेत. आमच्या गाडीत डाव्या दाराला मागे वर जेमतेम २ मिमी आणि खाली ७ मिमी होतं. एवढा फरक दिसला की दाराचा बिजागर सरकवून तो लपवण्याचा मोह होतो. तो टाळा. बिजागर सरकवला की तुमचं मोजमापाचं साधनच बिघडतं.

आता एका पुढच्या चाकाच्या स्प्रिंगखालच्या बशीला जॅक लावून ते चाक हळूहळू उचला. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावायला विसरू नका, आणि गाडीखाली कोणी जायचं नाही. फटी पुन्हा मोजा. मग दुसरी बाजू. दोन्ही बाजूंनी फरक सारखा येत असेल तर बॉडी समप्रमाणात थकली आहे. एका बाजूने जास्त फरक येत असेल तर दोष त्या बाजूच्या सिलमध्ये शोधायचा.

चालत्या गाडीतली हालचाल पकडायची असेल तर मुलांच्या खेळण्यातली मातीची छोटी गोळी दाराच्या फटीत वरच्या कोपऱ्यात दाबून ठेवा आणि नेहमीच्या वाईट रस्त्यावर एक फेरी मारून या. गोळी जिथवर दबली तिथवर फट मिटली होती. ती अलगद काढून व्हर्नियरने मोजली की सगळ्यात वाईट धक्क्याचा आकडा हातात येतो. दुरुस्तीनंतर त्याच रस्त्याने, त्याच वेगाने परत जायचं.

ज्यांना खरा पिळाचा आकडा हवा असेल त्यांनी बॉडी मागून दोन घोड्यांवर (स्टँडवर) ठेवावी, पुढे मधोमध एका टोकदार आधारावर तोलावी, पुढे आडवा चॅनेल पक्का बांधून मध्यापासून एक मीटरवर ५० किलोचं वजन टांगावं. हा झाला साधारण ४९० न्यूटन-मीटरचा पीळ. पुढे आणि मागे डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावून कोनातला फरक काढायचा. कुपवाड एमआयडीसीत लेथवाल्याकडे डायल गेज असतोच, अर्ध्या दिवसासाठी मागितला तर मिळतो. पण खरं सांगायचं तर दुरुस्ती ठरवायला दाराच्या फटी पुरतात. हा प्रयोग आधी आणि नंतरची तुलना करायला छान.

गाळ

सांगलीत गाडी उघडताना एक प्रश्न आधी विचारायचा: २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात गाडी कुठे होती? आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि गावभागात तळमजले बुडाले होते. त्या पाण्यात उभी राहिलेली गाडी मालक धुऊन पुसून, इंजिनचं ऑइल बदलून चालू करतो. सीट वाळतात, कार्पेट बदललं जातं. सिलच्या पोटातला गाळ मात्र कोणी काढत नाही, कारण तो दिसतच नाही.

आमच्या गाडीची डावी सिल खालून कापली तेव्हा आतून काळसर गाळाची सलग वडी निघाली, पेटीच्या आतल्या आकाराची, वरून वाळलेली आणि खालून ओलसर. तिच्यात गवताच्या काड्या होत्या. पूर ओसरून वर्षं झाली होती, तरी पाण्याच्या निचऱ्याची भोकं त्या गाळाने बुजलेली असल्याने प्रत्येक पावसाळ्यातलं पाणी त्याच वडीत मुरत राहिलं. मधला उभा पत्रा खालून बोटभर उंचीपर्यंत नाहीसा झाला होता. वरचा भाग मात्र कारखान्यातून आल्यासारखा, राखाडी प्रायमरसकट. बाहेरच्या पत्र्यावर एक फोडसुद्धा नव्हता, कारण तो कोणीतरी आधीच बदलला होता. जुना कुजलेला भाग आत तसाच ठेवून त्यावर नवी सिल टोपीसारखी बसवून वेल्ड केली होती. असलं काम आपल्याकडे फार चालतं, आणि याचा मला मनापासून राग येतो. ग्राहक पूर्ण सिलचे पैसे देतो आणि त्याला मिळतो फक्त मुखवटा.

पूर न पाहिलेल्या गाडीतही हेच होतं, जरा सावकाश. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल मडगार्डच्या मागच्या बाजूने सिलच्या पुढच्या टोकावर साचतो. म्हणून गंज नेहमी पुढच्या खांबाच्या पायाशी सुरू होतो. तिथेच दाराचा बिजागर असतो आणि तिथेच पीळही सगळ्यात जास्त जाणवतो.

कापायच्या आधी बघायचं असेल तर मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. रबरी बूच काढून तो सिलमध्ये सरकवा. बाहेरून लोहचुंबक फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे लांबी आहे. स्क्रू ड्रायव्हरची मूठ सिलच्या खालच्या कडेवर ठोकत जा, आवाज बद्द झाला की खूण करा. मागे सीटच्या पाठीमागच्या बॅटरीच्या पेट्याही बघा. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या तिथे असायच्या आणि ॲसिडने तो सगळा भाग खाल्लेला असतो. मागच्या कमानपाट्यांचं पुढचं टोक तिथून जवळच बांधलेलं असतं, त्यामुळे ती जागा गेली की गाडी मागूनही डुलते.

जाड पट्टी का तुटते

हे मला कुठल्या इंग्रजी मॅन्युअलमधून कळलं नाही. माधवनगर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या बनवणारे एक मिस्त्री आहेत, त्यांनी दाखवलं. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ट्रॉल्यांच्या चासी त्यांच्याकडे रोज तुटून येतात. आमच्या गाडीखाली आधी कोणीतरी मारलेली प्लेट बघून ते म्हणाले, "पट्टी जिथं संपती, तिथंच मोडतंय बघा. आमच्याकडं बी तसंच हाय."

कारण सरळ आहे. पातळ पत्रा वाकतो, जाड प्लेट वाकत नाही. दोघांच्या सीमेवर सगळी हालचाल एका रेषेत गोळा होते. त्या रेषेवर वेल्डिंगची उष्णता लागून पत्रा आधीच कमजोर झालेला, त्यात प्लेटचं टोक सरळ काटकोनात कापलेलं. चीर तिथूनच निघणार. ट्रकच्या चासीला जोडपट्टी लावताना जाणकार तिची टोकं तिरकी किंवा माशाच्या तोंडासारखी कापतात आणि चासीच्या कडेवर आडवा वेल्ड घेत नाहीत, ते यासाठीच. ताठपणा एकदम न बदलता हळूहळू बदलला पाहिजे.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, मोनोकॉकला मूळ पत्र्याच्या जाडीचाच पत्रा लावायचा, म्हणजे आपल्या भाषेत १८ गेजचा, १.२ मिमीचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा. मूळ भाग पातळ असेल तिथे पातळ. दुसरी, कठीण स्प्रिंगा आणि रुंद टायर घालून ढिल्या बॉडीची गाडी "टाइट" करायला जाऊ नये. स्प्रिंग जितकी कठीण, तितका रस्त्याचा धक्का बॉडीला सोसावा लागतो. ढिली बॉडी स्वतःच एक स्प्रिंग बनते, आणि तिला शॉकॲब्जॉर्बर नसतो.

स्ट्रट बारबद्दलही सांगून टाकतो. मॅकफर्सन सस्पेन्शनच्या गाडीत (स्प्रिंग आणि शॉकॲब्जॉर्बर एकाच उभ्या स्ट्रटमध्ये) स्ट्रटचा वरचा टॉवर आत-बाहेर हलतो, तिथे दोन्ही टॉवर बांधणाऱ्या बारला अर्थ आहे. एमजीबीत पुढे टॉवरच नाही, सगळं खाली क्रॉसमेंबरवर आहे. त्या गाडीत तो बार निव्वळ शोभेचा.

दुरुस्तीचा क्रम

इथे क्रम चुकला तर नवी सिल घालूनही गाडी कायमची वाकडी राहते, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

बॅटरी आणि अल्टरनेटरची जोडणी काढा. पेट्रोलची टाकी आणि फरशीखालची पेट्रोलची नळी पूर्ण बाहेर काढा, नुसती रिकामी करून भागत नाही. पूर्वी कोणी सिलमध्ये फोम भरला असेल तर तो खरवडून काढा. तो वेल्डिंगच्या उष्णतेने जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो, शिवाय स्पंजासारखं पाणी धरून आतूनच गंज वाढवतो.

गाडी घोड्यांवर घ्यायची ती सस्पेन्शनच्या जागांवर, म्हणजे बॉडीवर रोजच्यासारखाच भार राहील. घोड्या पाणसळ लावून समतल करा. मधून बसलेली गाडी असेल तर फायरवॉलच्या (इंजिन आणि सीटच्या भागामधल्या पत्र्याच्या भिंतीच्या) रेषेत लाकडाचा ठोकळा देऊन दोन जॅक लावा आणि दोन्ही बाजूंनी रोज थोडं थोडं वर घ्या, दर वेळी फटी मोजत. आठही आकडे सारखे आले की थांबा. मगच पुढच्या खांबापासून सीट बेल्टच्या बोल्टपर्यंत २५ मिमीचा चौकोनी पाइप आतून बांधा, एका टोकाला आटे असलेला, म्हणजे बारीक फरक नंतर काढता येईल. दारं बसवलेलीच ठेवायची. दार काढून सिल वेल्ड करणारा कारागीर कितीही कुशल असो, त्याच्याकडे बरोबर-चूक कळण्याचं साधन राहत नाही.

फरशीवर ओळंबा सोडून चार सस्पेन्शन बिंदू खडूने उतरवा आणि दोन्ही कर्ण मोजा. या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर) ९१ इंच, म्हणजे सुमारे २३११ मिमी. कर्ण सारखे नसतील तर गाडीला कधीतरी मोठी धडक बसलेली आहे. मग ती आधी ओढून सरळ करायची, सिल नंतर.

एका वेळी एकच बाजू उघडा. बाहेरची सिल काढा, मधला पत्रा आणि खालची खाचांची पट्टी बघा, कुजलेलं सगळं चांगल्या पत्र्यापर्यंत कापा. इंग्लंडहून तयार भाग मागवता येतात. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था १९८८ पासून एमजीबीच्या पूर्ण बॉड्याही मूळ डायवर काढते. पण मधला पत्रा आणि साध्या घडीच्या पट्ट्या कुपवाडला प्रेस ब्रेकवर अचूक वाकवून मिळतात. बाहेरची सिल मात्र विकतच घ्या, तिची गोलाई हाताने जमवण्यात वेळ जातो.

वेल्डिंगबद्दल मिस्त्रींशी आधी बोला. जाड कामाच्या सीओटू (वायर आणि वायूच्या) वेल्डिंग मशीनवर बऱ्याचदा १.२ ची वायर चढवलेली असते. या पत्र्याला ०.८ ची लागते, त्याहून जाड वायरने भोकं पडतात आणि पत्रा लाटा घेतो. जोडाच्या कडेला ७-८ मिमीची भोकं पाडून ती वेल्डने भरायची, मूळच्या स्पॉट वेल्डच्या अंतराने, म्हणजे साधारण ३०-४० मिमीवर. एक टाका पुढे, पुढचा मागे, मग मध्ये, असं फिरत राहायचं आणि हात लावता येईल इतकं गार होऊ द्यायचं. सलग वेल्ड ओढला तर पत्रा आखडतो आणि दाराची फट तुमच्या डोळ्यांदेखत बदलते. दर थोड्या टाक्यांनंतर दार लावून बघा. जोडाच्या आतल्या बाजूंना वेल्ड करता येणारा झिंक प्रायमर आधी मारा, कारण नंतर तिथे ब्रश पोहोचत नाही.

मधला पत्रा वर आणि खाली, दोन्ही कडांना पूर्ण लांबीभर पकडला गेलाच पाहिजे. माझ्या मते सगळ्या कामातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे आणि सगळ्यात जास्त कामचुकारपणा इथेच होतो, कारण बाहेरची सिल बसल्यावर तो पत्रा कोणालाच दिसत नाही. बाहेरची सिल बंद करण्याआधी स्वतः जाऊन बघा, फोटो काढून ठेवा.

निचऱ्याची भोकं मोकळी ठेवा, आतून गंजरोधक मेण फवारा. काळं डांबरासारखं अंडरकोटिंग फक्त स्वच्छ, प्रायमर मारलेल्या पत्र्यावर. गंजावर ते मारलं तर ओल आत कोंडली जाते आणि गंज झाकून राहतो.

आमच्या गाडीला याव्यतिरिक्त एकही अँगल, प्लेट किंवा बार लावलेला नाही. जॅकवर चढवल्यावर फटीतला फरक आता अर्ध्या मिमीच्या आत आहे, आणि दार एका बोटाने लागतं.

तरीही आणखी कडक करायची असेल

कोल्हापूरला ट्रॅकवर गाडी पळवणारे मित्र विचारतात म्हणून लिहितो. सीटमागचा रोल बार (पाइपची कमान) गाडी उलटली तर जीव वाचवतो, म्हणून जरूर लावा. पण त्याने गाडी फारशी ताठ होत नाही, कारण कमकुवत टप्पा पुढच्या आणि मागच्या खांबांच्या मध्ये आहे आणि बार त्याच्या मागे. दारातून आडवे पाइप जाणारा पूर्ण पिंजरा खरोखर ताठपणा देतो. मात्र हेल्मेट न घालता रोजच्या रस्त्यावर तो घेऊन फिरू नये, डोकं थेट पाइपवर आदळतं.

कागदपत्रांचाही विचार करा. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद होऊ शकते, पण ती मूळ स्वरूपात हवी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केलेले नसावेत. मूळ सिल मूळ जाडीने परत बसवणं ही दुरुस्ती आहे. फरशीखाली नवी फ्रेम बांधणं हा बदल आहे, आणि तो तपासणीत अडवला जाऊ शकतो. चासी नंबर ज्या पत्र्यावर आहे त्याच्या आसपास कापण्याची वेळ आली तर आधी आरटीओत विचारा.

तुमच्याकडे मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड असेल तर वरचा सिलचा हिशोब तसाच लावू नका. तिला वेगळी चासी आहे, सिल ताकदीच्या नाहीत. तिथे मुख्य दांड्यांतून बाहेर निघणारे हात गंजतात आणि बॉडीचे दोन भाग जोडणारे बोल्ट ढिले होतात, तिकडे बघा. ट्रायम्फ स्पिटफायर त्याच चासीवरून बेतलेली, पण तिच्यात बाजूच्या दांड्या काढून ते काम सिलला दिलेलं आहे. त्यामुळे तिच्यात सिल पुन्हा महत्त्वाची.

आणि दारावरची ती चीर

बॉडी नीट झाल्यावर ती शेवटी दुरुस्त करा. आधी तिकोनी काच काढा. तिच्या चौकटीचा पाय दाराच्या आत खाली बोल्टने बांधलेला असतो. तो बोल्ट ढिला किंवा गायब असेल, तर दार आपटलं की अख्खी चौकट तरफेसारखी पत्र्याला त्याच कोपऱ्यात उचकटते. चिरेच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडा म्हणजे ती पुढे सरकणार नाही. मग कमी उष्णतेत छोट्या टाक्यांनी वेल्ड करा, आतून मूळ जाडीचा, कडा निमुळत्या केलेला पत्रा द्या, वेल्ड घासताना मूळ पत्रा पातळ होऊ देऊ नका. काचेचा पाय पक्का कसा. आणि गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला सांगा की दार ओढायचं ते हँडल धरून, त्या काचेची चौकट धरून नाही.